मॅकच्या पोटातली विंडोज

आमच्या चाकणच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोराला सगळे 'आयटी' म्हणतात. नाव मीही कधी विचारलं नाही. राजगुरुनगरहून येतो आणि चहा अजून बशीतच ओतून पितो. साहेबांनी हौसेनं ऑफिसभर मॅक आणले, पण मालाच्या तपासणीचे रिपोर्ट काढायचं आमचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. मग यानं प्रत्येक मॅकच्या पोटात एकेक विंडोज बसवली. काम करताना तो मशीनशी बोलत असतो, "चल बाळा, ऊठ. व्हय, उठतंय बघा." माणसांशी बोलताना मात्र नजर खाली; मला 'काका' म्हणतो.

परवा माझा मॅक जागा संपल्याची कुरकुर करायला लागला. मी सगळ्यात मोठी फाइल शोधली, कचऱ्यात टाकली आणि कचराही रिकामा केला. ती एक फाइल म्हणजे त्यानं बसवलेली अख्खी विंडोजच होती. आठवड्याचे रिपोर्ट तिच्यासोबत गेले. गेटवर भरलेला ट्रक रिपोर्टसाठी खोळंबला. साहेब तणतणत आले, "कुणी केलं हे?"

शेजारच्या टेबलाखाली वायर जोडणारा तो उठून उभा राहिला.

"साहेब, माझ्या हातनं उडालं. कॉपी हाय माझ्याकडं, अर्ध्या तासात देतो."

सगळ्यांसमोर त्यानं बोलणी खाल्ली. मी गप्प राहिलो, आणि ते अजून सलतंय.

ट्रक गेला. संध्याकाळी पाहिलं, तर परत बसवलेल्या त्या मोठ्या फाइलचं नाव त्यानं बदललं होतं:

'काका, ही राहू द्या.'