मला बी सांगा

त्या दुष्काळात वडील बीडला आयसीयूत होते. शेजारच्या खाटेवर तांड्यावरचा पोरगा होता, साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर आजारी पडलेला. त्याची आई बाहेर आमच्याजवळचं बाकडं मोकळं असलं तरी जमिनीवरच बसायची. डॉक्टर आम्हाला रोज सगळं समजावून सांगायचे. तिला मात्र "बघू" म्हणून पुढं जायचे.

एका सकाळी आरशांचा घागरा सावरत ती त्यांच्या वाटेत उभी राहिली. "यांना सांगता तसं मला बी सांगा. लमाणी हाय, पर माय हाय त्याची."

डॉक्टर ओशाळले. तिला आत नेऊन त्यांनी सगळं सांगितलं, अन् पुढं रोज सांगत राहिले.

पोरगा वाचला. तिच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला, तेव्हा रिक्षावाला घाई करू लागला. ती म्हणाली, "थांब जरा. चालतोय त्यो. बघू दे समद्यांला."