वेगळा फोन, एकच गणपती

कुडाळला मी वेबसाइट बनवून देऊ लागलो, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर घराघरांत पर्यटकांसाठी खोल्या निघत होत्या. त्यातलं एक गिऱ्हाईक म्हणजे शेजारशेजारची दोन घरं. मूळ घरात थोरला भाऊ, बाजूला माडांत धाकट्याची विधवा बायको. तिला मी वहिनी म्हणायचो. चुली वेगळ्या, खोल्या वेगळ्या, पण गणपती एकच, मूळ घरातला. आमच्याकडे हे असंच असतं.

वेबसाइटही तशीच केली. थोरल्याचं पान मुख्य, वहिनींचं त्याच्या पोटात. मुख्य पानाला एकदा थीम लावली की रंग, फोन नंबर, वरचा फोटो, सगळं आतल्या पानावर आपसूक उतरतं. वरचा फोटो घरच्या गणपतीचा होता, वहिनींचा नवरा हयात असतानाचा. मला ही सोय फार आवडायची. एकदा काम केलं की मोकळा.

सोय थोरल्याच्या पथ्यावर पडली. वहिनींच्या पानावरही त्याचाच नंबर. पाहुणे त्याला फोन करायचे आणि तो आधी स्वतःच्या खोल्या भरायचा. लबाड नव्हता तो. कुणीही तेच केलं असतं. पण वहिनींच्या खोल्या ऐन हंगामात रिकाम्या राहिल्या, आणि त्यांचं घर तर त्यावरच चालायचं.

त्या एसटीने कुडाळला आल्या. म्हणाल्या, "फोन माजो घाल रे. पण गणपतीक हात लावू नको."

त्यांच्या पानाच्या सेटिंगमध्ये 'मुख्य पानाप्रमाणे' या शब्दांसमोर एक चौकट होती. तिच्यातली खूण काढली, नवा नंबर घातला. वहिनी निघून गेल्या, आणि पान कसं दिसतंय ते मी उघडून पाहिलंच नाही. त्या सॉफ्टवेअरला थोडंसं वेगळं होणं माहीतच नव्हतं. एक खूण काढली की सगळंच तुटायचं. नंबर वहिनींचा आला, आणि गणपतीच्या जागी थीमबरोबर मिळालेला बर्फाचा डोंगर.

सकाळी थोरल्याचा फोन. "तिना गणपती येगळो केल्यान!"

आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. वाडीत बोभाटा झालाच होता. गणपती वेगळा म्हणजे घर फुटलं. चतुर्थीला तिने मूळ घरात यायचं की नाही, इथवर बोलणं गेलेलं. मी सेटिंग समजावू लागलो.

"ता माका सांगू नको. गणपती खंय आसा, ता सांग."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तोच जुना फोटो मी वहिनींच्या पानावर हाताने चढवला. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, "हां" म्हणाला आणि फोन ठेवला. चतुर्थीला वहिनी मूळ घरातच मोदक वळत होत्या.

मात्र तो फोटो आता त्यांच्या पानाचा स्वतःचा झाला होता. चतुर्थीनंतर थोरल्याने नवा फोटो दिला, तो मुख्य पानावर लागला; वहिनींकडे जुनाच राहिला. पुन्हा बोभाटा नको म्हणून मी त्यांना फोन केला, तुमचाही बदलतो म्हणालो.

"ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "कडेक बघ."

फोटोच्या कडेला एक माणूस कापला गेला होता. झांज धरलेला हात तेवढा दिसत होता.

"तेंचो हात तो."

हे मी थोरल्याला सांगितलं. त्याने फोन चालू ठेवूनच वहिनींचं पान उघडलं. मग म्हणाला, "माज्या पानावरय तोच लाव."