मास्तरांची नजर आणि हॉलचं छत

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी गळ्यातला टेप हातात घेतला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं न चढतं तोच त्याची छाती, कंबर आणि पोट आत ओढून उभं राहायची खोड नजरेनेच टिपणाऱ्या माणसाला टेप काढायला सांगणार कोण? मास्तरांच्या घरी, हॉलमध्ये, पीओपीचा कारागीर छताचे नमुने मोबाइलवर दाखवत होता. सपाट, भिंतीलगत नुसत्या किनारीचं, आणि एकाखाली एक तीन थर असलेलं. मास्तरांचं बोट तिसऱ्यावर थांबलं. मग खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी हात वर केला आणि फर्मावलं, “याच्या वर चार बोटं सोडा. भरपूर झालं.”

त्यांच्या मापाने भरपूरच होतं. घरात माणसं तीन: मास्तर, बायको आणि लेक. त्या घरात सगळ्यांत उंच कोण, तर कपाट. कारागीरही त्याच घाटाचा, स्टुलाशिवाय त्याचं पान हलत नसे. तेव्हा शंका काढायला तिथे कुणी उंच माणूसच नव्हता.

बायकोचं म्हणणं साधं होतं. घरात येणारा माणूस खुर्ची बघतो, कप बघतो, छताकडे मान वर करून बघतं कोण? पण मास्तरांच्या डोक्यात वेगळंच होतं. लेकीने आपल्या ऑफिसातला मुलगा पसंत केला होता आणि त्याची माणसं लवकरच लग्नाचं बोलायला येणार होती. त्यांनी आत पाऊल टाकावं आणि म्हणावं, वा.

मुलगा मात्र भलताच उंच. पहिल्यांदा तो घरी येऊन गेला तेव्हा मास्तर बोलून गेले होते की याच्या एका पँटीच्या कापडात माझ्या दोन बसतील, जोडा काही शोभायचा नाही. नंतर मुलाचा स्वभाव त्यांना आवडला, पण हे काही ते बोलून दाखवायला गेले नाहीत.

छताचा सांगाडा उभा राहिला त्याच संध्याकाळी लेक मुलाला घेऊन आली. तो हॉलच्या मध्यावर आला आणि त्याचं डोकं सगळ्यांत खालच्या पट्टीला टक्‌कन लागलं. कपाळ चोळत तो म्हणाला, “छान होतंय, काका.” मग चहा होईपर्यंत तो मान तिरकी करून बसला. खुर्चीत बसल्यावर मान सरळ ठेवायला काहीच हरकत नव्हती, पण एकदा आपटलेलं डोकं छतावर विश्वास ठेवत नाही.

त्याला सोडून लेक परत आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

“बाबा, एवढं खाली मुद्दाम घेतलंत ना?”

“बोला की,” बायको मास्तरांना म्हणाली. पण बोलायचं काय? हो म्हणावं तर लेक दुरावते. नाही म्हणावं तर नजर चुकली असं कबूल करावं लागतं, आणि ते तर उभ्या जन्मात झालं नव्हतं. एका नवरदेवाचा कोट पाठीत उसवला तेव्हासुद्धा ते शांतपणे म्हणाले होते, कापड आटलं. बाही आखूड झाली, कापड आटलं. बगल काचते, कापड आटलं. गावातलं निम्मं कापड त्यांच्या मते आटण्यासाठीच विणलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक घरात होती, पण त्यांच्याशी बोलत नव्हती. निरोप आईमार्फत. मास्तरांनी दुकानात एका शर्टाची कॉलर उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. मग शटर अर्धं ओढून ते भरदुपारी घरी आले. कारागीर स्टुलावर होता, लेक दाराशी चप्पल घालत होती.

“मुद्दाम नव्हतं गं ते,” मास्तर म्हणाले.

“मग काय, छत आटलं?”

कारागिराने वर बघितलं, कारण तिथे तरी काही काम होतं.

“छत नाही आटलं. नजर चुकली माझी.”

लेकीने चप्पल काढली. मग ती आत गेली आणि आईमार्फत निरोप न देता तिने थेट त्यांनाच विचारलं, चहा घेणार का. मास्तर म्हणाले, घेईन, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त पडली तरी बोलले नाहीत.

तिन्ही थर उतरले. कारागिराला जड गेलं, मधल्या थराच्या वळणावर त्याने जीव ओतला होता. आता स्लॅबवरच सपाट गिलावा आणि भिंतीलगत बोटभर किनार, इतकंच ठरलं. पंखा किती खाली यावा हे ठरवायला मुलाला बोलावून घेतलं. मास्तर स्टुलावर चढले, टेपचं एक टोक लेकीने त्याच्या टाचेशी धरलं आणि त्यांनी दुसरं त्याच्या डोक्याशी. आकडा वाचून त्यांनी टेप पुन्हा लावला. दोन्ही वेळा तेवढाच आला.

छत झालं, रंग झाला. मुलाची माणसं आली, बोलणी झाली आणि छताकडे कुणीही बघितलं नाही. बायकोने मास्तरांकडे मात्र बघितलं.

मुलगा आता हक्काने येतो. पण हॉलच्या मध्यावर आला की, वर काहीही नसताना, अजून मान वाकवतो. लेकीला सांगितलं ते मास्तरांना त्यालाही सांगायचं आहे. तो वाकला की ते घसा खाकरतात, “बरं का,” म्हणतात, तो आदराने आणखीच वाकतो, आणि मास्तर त्याला खुर्ची दाखवतात.