धुतलेला चिखल

मुलीने भूशास्त्र घेतलं आणि लखनऊच्या महानगर भागातल्या आमच्या घरात युद्ध पेटलं. खरं सांगतो, मला मजा यायची. "लखनऊत एक खडक शोधून दाखव," मी गरजायचो. ती हिंदीत उत्तर फेकायची, "पापा, ज़मीन सिर्फ़ पत्थर नहीं होती."

एम.एस्सी.नंतर तिच्या वर्गातलं कुणी तेलकंपनीत गेलं, कुणी खाणीत. ही भूजलाचं काम करणाऱ्या कंपनीत लागली. "बोअरवाली झाली," मी सगळ्यांना सांगत सुटलो.

तिचं पहिलं स्वतंत्र काम लखनऊजवळच्या मलिहाबादच्या एका आंब्याच्या बागेत होतं. चुकलीस तर नोकरी विसर, असं तिच्या साहेबांनी बजावलं होतं. ती नको म्हणत असतानाही मी रेल्वेतल्या नोकरीतून रजा काढून गाडी घेऊन गेलो.

बोअरमधून निघालेल्या मातीचे, दर दहा फुटांना एक, असे ढीग ओळीने मांडले होते. ती प्रत्येकातली चिमूट दातांखाली धरायची. करकरली तर रेती, गुळगुळीत लागली तर चिकणमाती. जाळीचा पाइप रेतीतच बसवायचा. चिकणमातीत बसला तर पाणी येत नाही.

"बिटिया भूखी आई है क्या?" बागमालक म्हणाले. मी खदखदून हसलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीन ढीग तपासून झाले आणि साहेबांचा फोन आला. रेंजसाठी ती रस्त्यापर्यंत गेली. उरलेले ढीग फारच गबाळे दिसत होते. मालकांवर छाप पडावी म्हणून मी बादली घेतली आणि एकेक ढीग चाळणीत घालून धुतला. वा! काय चकाचक रेती!

ती परतली. चौथा ढीग करकरला. पाचवा, सहावा, सगळेच.

"पापा, चिकणमाती कुठे गेली?" चक्क मराठीत.

"धुतली!" मी ऐटीत म्हणालो.

"रिपोर्ट लिखो, मिस्त्री पाइप लेकर खड़े हैं," मालक ओरडले.

"नहीं लिखूँगी."

"तो आई किसलिए हो?"

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. नमुने खराब झालेत, बोअरमध्ये यंत्र उतरवून थर पुन्हा तपासावे लागतील, आणि चूक तिची स्वतःची, असं सांगितलं. मी तोंड उघडलं.

"आप गाड़ी में बैठिए."

बसलो.

दोन दिवसांनी यंत्र आलं, पाइप योग्य जागी बसला, पाणी लागलं. नोकरी वाचली, पण लेखी ताकीद मिळाली. तो कागद तिने माझ्या ताटाशेजारी आपटला. मी दोनदा वाचला. माझा उल्लेख कुठेच नव्हता. एवढा पराक्रम माझा, आणि नाव तिचं! जेवण संपेपर्यंत ती समोर बसून होती.