चिमणीच्या आवाजाचा इंडिकेटर

बाबांच्या मोटारसायकलचा इंडिकेटर एकदा लागला की लागला. विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडताना ते तो नियमाने लावत आणि पुढे येरवड्यापर्यंत सरळ रस्त्यावरून उजवीकडे वळण्याच्या तयारीत जात. पुण्यात कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही, पण कोणाचा इंडिकेटर चालू राहिला असेल तर ते सांगितल्याशिवाय कोणाला चैनही पडत नाही. शेजारून जाणारे लोक हाताचा पंजा उघडून-मिटून दाखवत. बाबांना वाटे, विद्यार्थी ओळख दाखवतायत. तेही उलट हात करत.

विद्यार्थी खरंच होते. बाबा सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. स्टेशनच्या पलीकडे एका विहारात ते स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गणित शिकवायला जात. बसने जायचं तर मध्ये बदलावी लागे आणि बस त्यांच्या वेळेचा मान ठेवत नसे. शिवाय मोटारसायकल ही त्यांच्यासाठी नुसती गाडी नव्हती. भंडाऱ्याकडच्या गावातून एक ट्रंक घेऊन ते पुण्यात आले होते, आणि वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा आमच्या घराण्यातली पहिली गाडी त्यांनी घेतली. कर्ज न काढता, हे ते कोणीही विचारायच्या आत सांगत.

एक दिवस एका स्कूटरवाल्याने त्या इंडिकेटरवर विश्वास ठेवला. असा विश्वास ठेवणारा माणूस शहरात बहुधा एकच असावा, आणि तो नेमका बाबांना भेटला. हे उजवीकडे वळणार म्हणून तो डावीकडून पुढे निघाला, हे सरळ गेले आणि दोघे एकमेकांवर घासले. बाबांचा गुडघा सोलवटला आणि स्कूटरचं मडगार्ड वाकलं. आईने गुडघ्याला हळद लावली, गाडीची किल्ली तूरडाळीच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "गाडी विका."

"माह्या गाडीत काय खोट आहे?" बाबा चिडले की भंडारा बाहेर येई.

"गाडीत नाही म्हटलं मी."

किल्ली गेली तर शिकवणी गेली. आणि शिकवणी गेली की निवृत्त माणसाकडे उरतो फक्त टीव्ही. त्यावर तेव्हा इतक्या वाहिन्या आल्या होत्या की माणसाला संपवायला तेवढ्या पुरे होत्या. मी मध्ये पडलो. इंडिकेटर चालू असेतोवर आवाज करणारा बझर मिळतो, तो बसवू, असं सुचवलं. बाबांना हे फारच पटलं, कारण यात दोष यंत्रणेत निघत होता. आईने डबा उघडला, पण अट घातली: पुन्हा इंडिकेटर चालू राहिला, तर किल्ली तिच्याकडे, कायमची.

बसवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होतो. संगणक विजेवर चालतो, तेव्हा मुलाला विजेचं सगळं कळतं, असा आमच्या घरचा हिशेब. मी दिवसभर अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या स्क्रीनवरची बटणं सरळ करत असे, पण घरच्यांचा गैरसमज दूर करायला मीही कधी धावलो नाही.

नाना पेठेतल्या दुकानदाराने काउंटरवर बझरच बझर मांडले. एक लहान मुलासारखा रडायचा, एक रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकसारखा कोकलायचा. मी चिमणीच्या आवाजाचा घेतला. बाबा सभ्य गृहस्थ, त्यांना सभ्य आवाज हवा.

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये काम सुरू झालं. बाबा खुर्ची टाकून बसले. त्यांचं आयुष्य आक्षेप काढण्यात गेलेलं. लाल वायर लाल वायरलाच का जोडत नाहीस? टेप तिरकी का गुंडाळलीस? कागदावर काढलेल्या आकृतीवर तुझी सही कुठे आहे? मी सीट काढली, वायरींचा गुंता बाहेर ओढला, दातांनी टोकं सोलली आणि मोठ्या आत्मविश्वासाने जोड मारला. किल्ली फिरवली. इंडिकेटर लावला, काही नाही. ब्रेक दाबला, आणि चिमणी किंचाळली. मी ब्रेकच्या दिव्याची वायर पकडली होती.

नारायण पेठेतून आमच्या इमारतीत राहायला आलेले एक शेजारी नेमके दूध घेऊन येत होते. "वा," ते म्हणाले. "आपण थांबलात की पक्षी उडतात. चांगली सोय केलीत."

मी दात आवळून जोड सोडवला आणि इंडिकेटरच्या फ्लॅशरकडून येणारी वायर टेस्टरने शोधून काढली. बाबा सीटवर बसले. आई वर गॅलरीत उभी होती, पंच म्हणून. मी म्हटलं, "लावा."

बाबांनी बटण सरकवलं. चिमणी अशी काही ओरडू लागली की पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली, वॉचमन बाहेर आला आणि शेजाऱ्यांनी दुधाची पिशवी काखेत धरून दोन्ही कानांत बोटं घातली.

बाबा पुढे बघत शांत बसले होते.

"अरे, दे ना कनेक्शन," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा करणं त्यांच्या सेवानियमांत नव्हतं. "दिलंय, बाबा."

"मग वाजत काहून नाही?"

आमचं बोलणं त्यांना ऐकू येई, हॉर्न ऐकू येई. ही एवढी बारीक, तीक्ष्ण चिमणी तेवढी त्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हती, आणि हे त्यांच्यासकट कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेजाऱ्यांच्या कानातल्या बोटांकडे पाहिलं. मग वर आईकडे.

"वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

शेजाऱ्यांनी बोटं काढली आणि पहिल्यांदाच काही तिरकस न बोलता ते जिना चढून गेले. बाबांनी इंडिकेटर बंद केला, किल्ली काढली, वर गेले आणि ती आईसमोर धरली. "आक्षेप मान्य," ते म्हणाले. मला रडू आलं. ते लपवायला मी पाने-पकडी पुसत बसलो.

आईने किल्लीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. हीच किल्ली मिळावी म्हणून ती भांडली होती. तिने गॅलरीतून मलाच झापलं. "ऐकू येत नाही तर दिसतं ना त्यांना? मग दिवा लाव की! एवढं शिकून हे नाही सुचलं?"

गाडीवर मुळात इंडिकेटरचा एक हिरवा दिवा होता, उन्हात न दिसण्यासाठी बसवलेला. मी हँडलच्या मधोमध लाल, ठसठशीत दिवा बसवला. बझर सोडवायला निघालो, तर आई म्हणाली, "ते राहू दे. गल्लीच्या तोंडाशी आले की मला कळेल."

आणि कळूही लागलं. वळताना लावलेला इंडिकेटर बाबा गाडी लावेपर्यंत विसरत. चिमणी ऐकली की आई चहाचं आधण ठेवी. बाबा वर येत तेव्हा कप समोर असे. पण लाल दिव्याने हळूहळू आपलं काम केलं. एका संध्याकाळी बाबांनी वळल्यावर लगेच इंडिकेटर बंद केला आणि आवाज न करता घरी आले. आई दारातच उभी होती.

"आज वाजलं का नाही? जीव टांगणीला लागला ना माझा!"

चूक सुधारल्याबद्दल बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत वळलं की ते इंडिकेटर चालूच ठेवू लागले. समोरून येणारे पंजा उघडून-मिटून दाखवत. समोर लाल दिवा लखलखत असे. बाबा त्याच्याकडे नीट बघत, आणि जिचा आवाज त्यांना कधीच ऐकू आला नाही ती चिमणी आमच्या दारापर्यंत वाजवत आणत.