थोरल्या दिरांचा पट्टा

माझ्या सासऱ्यांचा कुत्रा मला दोनदा चावला होता आणि दोन्ही वेळा माफी मीच मागितली होती. घरात त्याचा मान माझ्याहून वरचा. मनातल्या मनात मी त्याला थोरले दीर म्हणायची.

गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही विणकर, इतवारीमागच्या गल्लीत राहायचो. म्हाताऱ्या दिरांना बाजारात टेंपोनं उडवलं आणि गुरांच्या दवाखान्यात त्यांचा मागचा उजवा पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, पोटाखालून पट्टा घाला, मागचं अंग उचलून धरा आणि लघवीला न्या. सासऱ्यांची कंबर गेलेली, नवरा गिरणीत. उरलो मी आणि दीर, ज्यांना एकमेकांचं तोंड पाहायची इच्छा नव्हती.

पट्टा सासऱ्यांनी स्वतः मागावर विणला. दीड वीत रुंद, दुहेरी सुताचा, दोन्ही अंगांना रुईफुलाचा काठ! माझ्या लग्नातल्या लुगड्यालासुद्धा असा काठ नव्हता.

सकाळी वरात निघाली. पट्ट्याची टोकं धरून मी वाकलेली, पुढं दीर, गुरगुरत. त्यांच्या नेहमीच्या खांबापाशी थांबलो. एक पाय तर आता कायमचा वरच. निम्मं काम डॉक्टरांनीच करून ठेवलेलं. तरी एक थेंब नाही. दुपारी नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. पोट टणक झालं, भाकरीकडं ते बघेनात. नवरा डॉक्टरांना विचारून आला: संध्याकाळपर्यंत झाली नाही, तर जनावर हाती लागणार नाही.

त्या दुपारी पुन्हा खांब. सासरे ओट्यावरून ओरडले, "काय वं, झाली का?"

"नाही जी, मामाजी."

"होईन कशी? तू दुस्वास करतं त्याचा. मुक्या जनावराले समजते."

"तोच चावला मले. मी नाही चावली त्याले."

"तोंड चालवून राहिली! हात चालव."

समोरची शेजारीण दारात येऊन खदखदत होती. "शीळ घाल वं बाई. लेकराले शीळ घातली का धार लागते."

घातली! भर गल्लीत, डोक्यावर पदर घेऊन, सुनेनं शीळ घातली. ओट्यावरून सासऱ्यांनी आणि खांबापासून दिरांनी माझ्याकडं अगदी एकाच नजरेनं पाहिलं.

मग मी खाली वाकले आणि थोरल्या दिरांच्या बाबतीत सुनेनं जिथं पाहू नये तिथं पाहिलं. रुईफुलाचा काठ नेमका तिथंच करकचून बसला होता.

"मामाजी, पट्टा रुंद झाला जी. वाटच बंद आहे."

"चाळीस वर्षं विणून राहिलो मी! माह्या पट्ट्याले नाव ठेवतं?"

मागावरून उतरलेल्या कापडाला आमच्या घरात कात्री फक्त सासरे लावायचे, तीही कपाळाला लावून. मी आत गेले आणि तीच कात्री घेऊन आले.

"कात्री ठेव! ठेव वं कात्री!" सासरे कंबर धरून उठेपर्यंत मी पट्टा सोडवून मधोमध, काठासकट, एक मोठं भोक पाडलं. पुन्हा घातला, उचलला.

पहिली धार माझ्या पायांवर आली. मग खांबावर. संपता संपेना. शेजारणीनं अख्खं अंगण शिंपलं तरी दीर चालूच, आणि मान वळवून माझ्यावर गुरगुरतही होते.

सासरे काठी टेकत आले. ओल्या जमिनीकडं पाहिलं, मग पट्ट्याकडं.

"काठ कापला," एवढंच म्हणाले.

चार दिवस माग चालू होता. पाचव्या दिवशी माझ्यापुढं नवा पट्टा येऊन आपटला. मधोमध विणतानाच फट सोडलेली, आणि त्या फटीलाही भोवती रुईफुलाचा काठ!

"ह्याले कात्री लावून पाह्य फक्त."

"काठ थोडा भडक झाला जी," मी म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्या काठातून दीर ऐटीत मोकळे झाले आणि वळून मला चावले. तिसऱ्यांदा. मी एक सणसणीत शिवी हासडली, पण पट्टा सोडला नाही.