उपवासाचे दोन डबे

सांता क्लाराच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई इथिओपियाची, तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाची आहे. दर बुधवारी आणि शुक्रवारी तिचा उपवास असतो. तिकडे अदिस अबाबात तिची आई त्या दिवशी दुपार कलेपर्यंत पाणीही घेत नाही. ही मात्र मीटिंगा सांभाळून बारालाच जेवते.

मागे एकादशी बुधवारी आली. ऑफिसात उपवासाला सोबत मिळाली म्हणून मी खुशीत साबुदाण्याची खिचडी तिच्यापुढे केली. तिने विचारलं, ''यात तूप आहे?''

''भरपूर,'' मी म्हटलं.

तिने डबा परत सरकवला. त्यांच्या उपवासाला दूधतूप चालत नाही. मग तिने स्वतःचा डबा उघडला. आत इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेली जाळीदार पोळी, आणि मसुराची तिखट आमटी होती.

''उपवासाला मसूर?'' मी विचारलं.

''उपवासाला तूप?'' ती म्हणाली.

तेवढ्यात आमचा मॅनेजर आला. दोन्ही डब्यांतलं पोटभर खाऊन म्हणाला, ''याला उपवास म्हणत असाल, तर मी रोज करेन.''

तेव्हा आम्हा दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं. या माणसाला धर्मातलं काही कळत नाही.